हेन्री चॅडविक : बेसबॉलच्या आकडेशास्त्राचे जनक

बेसबॉलच्या सामन्यातील प्रत्येक चेंडूची आज अमेरिकेत नोंद होते. या नोंदवहीचा पाया घालणारे हेन्री चॅडविक मात्र मूळचे इंग्लंडचे आणि क्रिकेटच्या संस्कारात वाढलेले होते. त्यांचा जन्म १८२४ मध्ये एक्सेटर येथे झाला. लंडन व अन्य शहरांच्या आरोग्यव्यवस्थेसाठी आकडेवारीच्या आधारे लढणारे समाजसुधारक एडविन चॅडविक हे त्यांचे सावत्र बंधू. १८३७ मध्ये हेन्री कुटुंबासह ब्रुकलिनला आले आणि पुढे वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचे वृत्तांत लिहू लागले.

१८५६ मध्ये होबोकेनच्या एलिशियन फील्ड्स मैदानावर त्यांनी बेसबॉलचा एक सामना पाहिला आणि हा खेळ अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ होऊ शकेल, असे त्यांच्या मनाने घेतले. लवकरच क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर त्यांनी बेसबॉलचा तक्ता रूढ केला. खेळाडूच्या कर्तृत्वाचा पुरावा आकड्यांत असावा, प्रेक्षकांच्या टाळ्यांत नव्हे, ही त्यांची भूमिका होती. फलंदाज स्ट्राइकआउट झाल्याची खूण म्हणून ‘के’ हे अक्षरही त्यांनीच रुळवले.

याच हिशेबात एक उणीव राहिली. पिचरचे चार चेंडू ठरलेल्या कक्षेबाहेर गेले आणि फलंदाजाने बॅट फिरवण्याचा मोह टाळला, तर त्याला पहिला बेस मिळतो. यालाच ‘वॉक’ म्हणतात. १८७९ मध्ये त्यासाठी असे नऊ चेंडू लागत. ही संख्या १८८९ मध्ये चारवर स्थिरावली. क्रिकेटमध्ये वाइडची धाव अवांतर ठरते, फलंदाजाच्या नावावर चढत नाही. चॅडविक यांनीही वॉककडे त्याच नजरेने पाहिले. त्यांच्या लेखी ती पिचरची चूक होती, फलंदाजाचे कौशल्य नव्हे. १८८७ च्या एका हंगामात वॉकला ‘हिट’ मानले गेले. तेव्हा सरासरी भरमसाट फुगल्या आणि पुढच्याच वर्षी तो नियम रद्द झाला. त्यानंतर फलंदाजीच्या सरासरीतून वॉक कायमचा बाहेर राहिला.

१९०८ च्या एप्रिलमध्ये, हंगाम नुकताच सुरू झाला असताना, न्यूमोनियाने चॅडविक यांचे निधन झाले. १९३८ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी त्यांची निवड झाली. त्यांनी आखलेले रकाने तोवर खेळाडूंचे भवितव्य ठरवू लागले होते.

त्याची किंमत किती होती, हे रॉय कलनबाइन या खेळाडूच्या उदाहरणावरून दिसते. डेट्रॉइट टायगर्सकडून खेळताना १९४७ मध्ये त्याने सलग २२ सामन्यांत प्रत्येकी किमान एक वॉक मिळवला आणि हंगामात एकूण १३७ वॉक घेतले. अशा मालिकेत नशिबाचा वाटा असतोच, पण २२ सामने वेगवेगळ्या पिचरांसमोर संयम टिकवणे हे नशिबापलीकडचे काम आहे. त्याची सरासरी मात्र अवघी .२२४ होती. बेसपर्यंत पोहोचण्याचे त्याचे प्रमाण .४०१ होते, म्हणजे दहा प्रयत्नांत चार वेळा तो बाद न होता बेस गाठत असे. पण त्या काळी हा आकडा कोणी छापत नव्हते. तोच हंगाम त्याचा प्रमुख लीगमधील अखेरचा ठरला.

१९५४ मध्ये ब्रँच रिकी आणि संख्यातज्ज्ञ अ‍ॅलन रॉथ यांनी बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणाचे महत्त्व जाहीरपणे मांडले. १९८४ मध्ये त्याला अधिकृत आकडेवारीत स्थान मिळाले. खेळाडूचे मूल्य आकड्यांनी ठरावे, हा चॅडविक यांचा आग्रह त्यातून खराच ठरला. फक्त कोणते आकडे मोजायचे, याचा त्यांनी दिलेला निवाडा बदलायला जवळपास शंभर वर्षे लागली.