शिकारी कुत्र्यांचा पाद्री : जॉन रसेल

जॅक रसेल हे आज एका कुत्र्याचे नाव आहे. पांढऱ्या अंगाचा, डोळ्यांवर वा कानांवर तपकिरी ठिपका असलेला, क्षणभरही स्वस्थ न बसणारा हा लहानखुरा टेरियर आपल्याकडील शहरांतूनही अलीकडे दिसू लागला आहे. परंतु हे नाव मुळात एका इंग्रज पाद्र्याचे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्राणिशास्त्र हा माझ्या अध्यापनाचा विषय. त्यामुळे मी प्रथम या कुत्र्याच्या मागे लागलो आणि शोध घेता घेता त्या माणसापाशी येऊन पोहोचलो. त्याचीच हकीकत येथे थोडक्यात सांगतो.

जॉन रसेल यांचा जन्म २१ डिसेंबर १७९५ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात, डार्टमथ या बंदराच्या गावी झाला. वडीलही धर्मोपदेशकच, आणि शिकारीचे शौकीन. टिव्हर्टन येथील ब्लंडेल्स शाळेत असताना जॉनचे मन पुस्तकांपेक्षा काकणभर अधिक जनावरांतच रमे. त्याने तेथे फेरेट पाळले होते. फेरेट म्हणजे दिसायला आपल्या मुंगसासारखा, परंतु वेगळ्या कुळातला, लांबट व लवचीक अंगाचा पाळीव प्राणी. सशांच्या शिकारीसाठी युरोपात तो सुमारे दोन हजार वर्षांपासून पाळला जात आहे. बिळाच्या तोंडांना जाळी लावावयाची आणि एका तोंडातून फेरेट आत सोडावयाचा. त्याच्या भयाने ससे बाहेर धाव घेतात व जाळ्यात सापडतात.

ऐकायला हे सोपे वाटते. पण खरी मेहनत त्याआधीची असते. उपाशी फेरेट आतच ससा मारून खातो आणि तेथेच झोपी जातो; पोट तुडुंब भरलेला फेरेट कामाचा कंटाळा करतो. म्हणून त्याच्या खाण्याचे माप सांभाळावे लागते. त्याला उष्मा सोसत नाही, तेव्हा खोके थंड जागी, कोरडे व स्वच्छ ठेवावे लागते. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा रोग फेरेटलाही होतो आणि बहुधा प्राण घेतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, बरोबरच्या कुत्र्याला पिलू असल्यापासून फेरेटची ओळख करून द्यावी लागते. बिळातून प्रथम बाहेर येणारे तोंड सशाचे की आपल्या सोबत्याचे, हे त्याला क्षणात कळले पाहिजे.

रसेल यांचे स्नेही डेव्हिस यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. त्यात शाळेतील एक गोष्ट येते. छळ करणाऱ्या एका मोठ्या मुलाने ससे पाळले होते. जॉनने आपले फेरेट त्या सशांत सोडून सूड उगवला! पुढे त्याने व एका मित्राने मिळून गावातल्या लोहाराकडे चक्क शिकारी कुत्र्यांचा लहानसा जथा ठेवला. ते उघडकीस येताच मित्राची शाळेतून हकालपट्टी झाली, जॉन मात्र थोडक्यात बचावला. त्याच मुलाने नंतर शिष्यवृत्ती मिळविली आणि त्या पैशातून घोडा विकत घेतला. आमच्या विद्यार्थ्यांनी एवढा भाग अनुकरणासाठी घेऊ नये!

पुढे ते ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात गेले. तेथील शिक्षणाच्या अखेरीस, १८१९ च्या सुमारास, मे महिन्यातील एका दुपारी पुस्तक हाती घेऊन ते मार्स्टन गावाकडे निघाले होते. वाटेत एक दूधवाला भेटला. त्याच्याबरोबर एक टेरियर कुत्री होती. रंग पांढरा, दोन्ही डोळ्यांवर व कानांवर गडद तपकिरी ठिपके, शेपटीच्या मुळाशी एक तसाच छोटा ठिपका. केस दाट व किंचित राठ, पाय सरळ, उंची पूर्ण वाढलेल्या कोल्हिणीएवढी. रसेल यांनी ती तेथल्या तेथे विकत घेतली. तिचे नाव ट्रम्प. त्यांच्या टेरियरांच्या वंशाची ती मूळ माता.

या उंचीला अर्थ आहे. आपण मराठीत सर्वांना ससाच म्हणतो. पण आपल्या माळरानावरचा ससा बीळ करीत नाही, तो झुडपाआड बसतो आणि उठला की वाऱ्यासारखा पळतो. म्हणून आपल्याकडे त्याच्यामागे मुधोळसारखा लांब पायांचा, कृश कमरेचा, दृष्टीने शिकार करणारा कुत्रा लागला. इंग्लंडातील ससा बिळात राहतो आणि कोल्हाही जमिनीत आसरा घेतो. तेथे बिळात मावेल असाच कुत्रा हवा. रसेल यांची शिकार मुख्यतः कोल्ह्याची. घोडेस्वार व मोठे कुत्रे यांच्यामागे कोसच्या कोस धावणे आणि कोल्हा बिळात शिरला की आत जाऊन भुंकून त्याला बाहेर काढणे, हे त्यांच्या टेरियरचे काम. आत जाऊन कोल्ह्याला ठार करणारा टेरियर त्यांच्या उपयोगाचा नव्हता. धैर्य हवे, पण आवरलेले. भुंकणे हवे, पण योग्य जागी. छातीचा घेर बेताचा हवा, म्हणजे अरुंद बिळातही हालचाल करता येते. हे गुण वंशात टिकावेत म्हणून ते कामात कसाला उतरलेल्या जनावरांचीच निवड करीत.

१८२६ साली त्यांचा पेनेलोपी बरी हिच्याशी विवाह झाला. १८३० नंतरच्या दशकात ते स्विमब्रिज या खेड्याचे पाद्री झाले आणि सुमारे पंचेचाळीस वर्षे तेथे राहिले. ते केवळ शिकारी होते असे समजणे अन्यायाचे होईल. पूर्वी तेथे रविवारी एकच उपासना होई. त्यांनी ती संख्या वाढवत चारवर नेली. तरीही पाद्र्याने कुत्र्यांमागे धावावे हे बिशप फिलपॉट्स यांना रुचत नव्हते. त्यांनी कुत्रे सोडण्याचा आग्रह धरला, तेव्हा रसेल यांनी तो तात्काळ मान्य केला आणि यापुढे ते कुत्रे आपली पत्नी पाळील असे सांगितले, अशी आख्यायिका आहे. विनोद बाजूला ठेवला तरी छंदाची किंमत घरालाच मोजावी लागली. उत्पन्न तुटपुंजे, कर्ज पाठीस लागलेले, पत्नीचा पैसाही त्यात गेला. मला हे चरित्र सरळ गौरवाचे वाटत नाही ते याचमुळे.

१८७३ मध्ये इंग्लंडात केनेल क्लब स्थापन झाला. रसेल त्याच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. १८७४ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात त्यांनी टेरियरांचे परीक्षणही केले. परंतु स्वतःचे कुत्रे मात्र कधी स्पर्धेत उतरविले नाहीत. प्रदर्शनात कानाची ठेवण, रंग, केस पाहतात. बिळातील अंधारात या गोष्टींना किंमत नसते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. प्रिन्स ऑफ वेल्सशी त्यांचा स्नेह जडला होता. पुढे तोच सातवा एडवर्ड झाला. ट्रम्पचे चित्र सँड्रिंगहॅमच्या राजवाड्यात लागले, हे त्या दूधवाल्याला सांगितले असते तर त्याचा विश्वास बसला नसता!

उतारवयात अधिक उत्पन्नासाठी त्यांना स्विमब्रिज सोडून ब्लॅक टॉरिंग्टनला जावे लागले. तेथेच २८ एप्रिल १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. दफन मात्र स्विमब्रिजला झाले आणि शेकडो लोक त्या वेळी जमले होते. पुढे १९०४ मध्ये आर्थर हाइनेमान यांनी या टेरियरची लक्षणे लेखी स्वरूपात मांडली आणि १९९० मध्ये केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. मान्यता आली ती अखेर रूपाच्या मोजमापांसह, आणि तीही रसेल यांच्यामागे १०७ वर्षांनी.

हे वाचताना माझे लक्ष वारंवार मुधोळकडे जाते. मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या संस्थानातील या कुत्र्यांची जोपासना केली व एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास भेट दिली. २००५ मध्ये मुधोळचे टपाल तिकीटही निघाले. कौतुक पुष्कळ झाले. पण त्याचे मूळ काम उरले नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे सशाच्या शिकारीस मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. इंग्लंडातही २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार बंद झाली. शिकार परत यावी असे मला मुळीच वाटत नाही. प्रश्न आहे तो कुत्र्याचा. ज्या कामासाठी शतकानुशतके निवड झाली ते काम संपले की केवळ रूप उरते, आणि रूपासाठी केलेली पैदास पाहता पाहता जातिवंत जनावराला दुबळे करते. मुधोळजवळ तिम्मापूर येथे श्वान संशोधन केंद्र आहे आणि लष्करानेही मुधोळला प्रशिक्षण देऊन पाहिले आहे. धाव, दृष्टी व सावधपणा यांना नवे काम देण्याचा तो मार्ग मला आशेचा वाटतो.

वाचकहो, जॅक रसेल यांच्यापासून घ्यायचे ते एवढेच. जनावराची परीक्षा त्याच्या कामावरून व्हावी, आणि त्याला पाळणाऱ्याची परीक्षा त्याने केलेल्या निगेवरून.