ख्रिस्तभक्त अभंगकार रेव्हरंड टिळक

आषाढीच्या दिवसांत सोलापूर जिल्ह्यातील साऱ्या वाटा पंढरीकडे वळतात. वारकऱ्याच्या लेखी पंढरी हे नुसते तीर्थक्षेत्र नव्हे, ते त्याचे माहेर आहे. सासुरवाशिणीने भावाच्या निरोपाकडे डोळे लावून बसावे, तसा तो वर्षभर या एका एकादशीकडे डोळे लावून असतो. अशा पुण्यदिनी एका ख्रिस्ती कवीचे चरित्र सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही भाविकांच्या मनात सहज येईल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी स्वतःच्या हाताने आपले घर मोडले आणि पुढे आयुष्यभर ते ज्ञानोबा-तुकोबांच्या शब्दांत घर शोधीत राहिले. त्यांनी घर मोडले तेव्हा त्यांच्या पत्नीने आसरा घेतला तो याच पंढरपुरात. एवढे सांगितले म्हणजे प्रयोजन ध्यानात यावे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. वडील अत्यंत तापट. आईच्या मांडीवर ऐकलेल्या ओव्या-अभंगांचा संस्कार नारायणाच्या मनावर कायमचा उमटला. दुर्दैवाने ही माउली तो लहान असतानाच निवर्तली आणि तिच्यामागे घरात त्याचे मन रमेना. तो घर सोडून नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले. पुढच्या आयुष्यात टिळकांनी जी गावे आणि ज्या नोकऱ्या धरल्या व सोडल्या, त्यांचे मूळ या पोरकेपणात असावे असे आम्हांस वाटते.

1880 साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू त्यांची पत्नी झाली. लक्ष्मीबाई टिळक म्हणून अवघा महाराष्ट्र जिला ओळखतो, तीच ही मनू. तिच्या माहेरी सोवळ्याचा कहर होता. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरातून ती आली ती एका फिरस्त्या कवीच्या बिऱ्हाडी. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. मनात आले की ते उठून चालू लागत, आणि मागे चूल कशी पेटावी याचा विचार त्यांना शिवत नसे. परंतु याच पतीने तिला अक्षरओळख करून दिली, हेही सांगितले पाहिजे. त्या अक्षरओळखीचे फळ मराठी वाचकाला पुढे ‘स्मृतिचित्रे’च्या रूपाने मिळाले.

नागपूरच्या वास्तव्यात श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय लाभल्याने टिळक संस्कृत वाङ्मयाच्या भाषांतरात गढून गेले. मात्र त्यांचे चित्त स्वस्थ नव्हते. जातिभेदाने पोखरलेल्या आपल्या समाजाला कोणत्या धर्मविचाराने उभे करता येईल, हा ध्यास त्यांना लागला होता. 1893 साली राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात डब्यातील एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचा काव्य आणि धर्म या विषयांवर संवाद झाला. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. दोन वर्षांच्या घालमेलीनंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तत्त्वाच्या मागे निघालेल्या पुरुषाची थोरवी गाताना मागे राहिलेल्या स्त्रीचा हिशेब चरित्रकार बहुधा विसरतात. लक्ष्मीबाईंवर तर आकाश कोसळले. पती हयात असून नसल्यासारखा, पदरी लहानगा दत्तू, आणि भोवती कुजबुजणारे आप्त. या वनवासातला काही काळ त्यांनी पंढरपुरास बहिणीच्या घरी काढला. विठोबाच्या नगरीत लाखो लोक माहेरपणाला येतात. ही बाई तेथे आली होती ती जाण्यासारखे दुसरे घर उरले नाही म्हणून. टिळक दुरून पत्रांवर पत्रे धाडीत. त्यांतला जिव्हाळा खोटा नव्हता. तरीही ज्या निर्णयाची एवढी किंमत पत्नीला द्यावी लागली, तो तिला विश्वासात न घेता झाला, हा दोष त्यांच्या पदरी राहतोच.

टिळकांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही, ही गोष्ट मात्र त्यांना भूषणावह आहे. चार-पाच वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई मुलासह अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्यांच्याकडे आल्या. आरंभी त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला व टिळकांनी तो ठेवू दिला. पुढे माणसामाणसांत भेद देवाने केला नाही, माणसाने केला, हे त्यांना आपल्याच विचाराने उमगले. 1900 साली त्यांनीही ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. मोडलेले घर पुन्हा उभे राहिले, आणि त्याची भिंत बाईनेच घातली.

इकडे टिळकांपुढे वेगळीच अडचण होती. धर्म मिळाला, परंतु त्या धर्माचे देऊळ त्यांना परके वाटे. त्या काळच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत पुष्कळशी गीते इंग्रजीवरून उतरवलेली असत आणि चालीही विलायती असत. ज्याच्या कानांत बालपणापासून टाळ-मृदंग घुमत होते, त्याचा जीव त्या सुरांत कसा रमावा? टिळकांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, ओव्या रचल्या, पदे बांधली. कमरेला उपरणे बांधून, चिपळ्या घेऊन ते कीर्तनास उभे राहू लागले. पूर्वरंग-उत्तररंगाची तीच मांडणी, कथा तेवढी येशूची. तुकोबांच्याच वाटेने चालत आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते उघड सांगत. त्यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. ख्रिस्ताला ते माउली म्हणत. देवाला माउली म्हणण्याची ही रीत मराठी माणूस कोठे शिकला, हे या पानाच्या वाचकांना सांगावयास नको. सोलापुरातही अमेरिकन मराठी मिशनचे कार्य एकोणिसाव्या शतकातच सुरू झालेले. टिळकांची गीते मराठी मंडळ्यांच्या उपासनेत रुजली ती कायमचीच.

टिळकांना फुले आणि मुले यांचे विलक्षण वेड. कवी म्हणून महाराष्ट्राने त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ हीच पदवी दिली. परंतु आमच्या मनात घर करून राहिली आहे ती त्यांची पक्षिणीवरील कविता. निर्दय माणसाच्या हातून घायाळ झालेली ती आई पडत-उठत घरट्यातल्या पिलांपाशी पोहोचते, हे पाठ्यपुस्तकातून वाचताना कित्येक पिढ्यांचे डोळे पाणावले. घराची ओढ म्हणजे काय, हे त्या कवितेइतके त्यांनी अन्यत्र क्वचितच सांगितले असेल. पोरकेपण भोगलेल्या या माणसाच्या घराचे दार सर्वांना उघडे असे. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाला, म्हणजे बालकवींना, टिळक पतिपत्नींनी नगरच्या आपल्या घरात लेकरासारखे वागविले.

1912 पासून ‘ज्ञानोदय’ पत्राचे संपादन टिळकांकडे होते. मान होता, वेतन होते, बिऱ्हाड स्थिरावले होते. आणि पुन्हा त्यांच्यातला फिरस्ता जागा झाला. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि आपण संन्यास घेतल्याचे जाहीर केले. ख्रिस्ती मनुष्याने भगवी वस्त्रे धारण केलेली पाहून दोन्हीकडचे लोक चकित झाले. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात सारखेच स्थान होते. ख्रिस्ताला मानण्यासाठी आपले गणगोत, आपली भाषा, आपले रीतिरिवाज सोडावे लागू नयेत, ही त्यामागची कळकळ. जे स्वतःला सोसावे लागले, ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये असे त्यांना वाटत होते. दरबार फुलण्यास मात्र अवधी मिळाला नाही. 5 मे 1918 रोजी बालकवी गेले आणि सुमारे वर्षभराने, 9 मे 1919 रोजी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांनी देह ठेवला.

येशूचे चरित्र मराठी ओवीत आणण्याचा त्यांचा संकल्प अपुरा राहिला होता. ‘ख्रिस्तायन’ असे त्या महाकाव्याचे नाव. टिळकांच्या हातून त्याचे पहिले काही अध्यायच झाले होते. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईने, संसाराचे ओझे वाहता वाहता, अध्यायामागून अध्याय लिहिले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायना’ची बहुतेक ओवी त्यांचीच आहे.