रेव्हरंड टिळकांचा विसावा

नाताळचा सण आला की ख्रिस्ती मंडळीत आनंदाला भरती येते; आणि त्या भरतीचा भार एका माणसाच्या शिरावर पडतो. तो माणूस म्हणजे मंडळीचा पाळक. रात्रीची उपासना त्याची, सकाळचे प्रवचन त्याचे, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थनेला बसणाराही तोच. ऐन सणात कोणी देवाघरी गेले तर दफनभूमीपर्यंत सोबत करणारा तोच. इतरांच्या जिवाला विसावा देणाऱ्या या माणसाने स्वतः कोठे विसावावे, हा प्रश्न मंडळीला सहसा पडत नाही.

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. परिव्राजकाने आठ मास हिंडावे आणि पर्जन्यकाळी एका ठायी राहावे, हा चातुर्मासाचा नेम केवळ चिखलामुळे पडलेला नाही. जोगेश्वरीच्या लेण्यात पायऱ्या उतरून गेले म्हणजे वरच्या वस्तीचा गलबला मागे राहतो आणि अंधारात डोळे निवतात. इसवी सनाच्या सहाव्या शतकात हा शैव डोंगर पोखरणाऱ्यांना माणसाच्या मनाचे मर्म ठाऊक असले पाहिजे. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर निद्रा आणि जागृती दोन्ही प्रमाणात असावीत, असे योग्यालाच बजावले आहे. ख्रिस्ती शास्त्रही याहून निराळे बोलत नाही. गर्दीमुळे जेवायलाही सवड न मिळालेल्या शिष्यांना ख्रिस्ताने एकांती नेऊन विश्रांती घ्यावयास सांगितले, असे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. त्याहून हृद्य कथा एलीया संदेष्ट्याची. रानात रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. होरेबाची वाट त्यानंतरची. आम्हां कीर्तनकारांनी ही कथा पूर्वरंगाला घ्यावी, इतकी ती गोड आहे.

हे सारे ज्याला मुखोद्गत होते आणि तरी ज्याला विसावा कधी साधला नाही, असा महाराष्ट्राचा एक थोर पाळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. बालपणीच मातृवियोग घडला, वडिलांचा स्वभाव करडा. मुलाने घर सोडले आणि नाशिकची वाट धरली. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे विवाह झाला, पण पाय घरात ठरेनात. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा कोठल्याशा गावी नवी नोकरी, असे हे भ्रमण वर्षानुवर्षे चालले. नागपुरास श्रीमंत बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले, ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. 1893 साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. दोन वर्षे अंतःकरणात मंथन चालले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो देशी पाळकाच्या हस्तेच घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता.

त्यानंतरची काही वर्षे एकाकी गेली. पत्नी लक्ष्मीबाई मुलासह माहेरच्यांत राहिल्या. त्यांच्या मनाची त्या काळातली होरपळ ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना परिचित आहेच. पुढे त्या अहमदनगरला पतीकडे आल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक नगरच्या अमेरिकन मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवीत. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

अमेरिकन मराठी मिशनचा अनुभव येथे थोडा सांगितला पाहिजे. हे मिशन 1813 साली मुंबईस आले. त्याच्या आद्य प्रवर्तकांपैकी गॉर्डन हॉल 1826 च्या मार्चमध्ये नाशिककडील दौऱ्यावरून परतताना पटकीने वारले. वय अवघे एक्केचाळीस. दोन आठवडे लोटतात न लोटतात तोच कलकत्त्याचे बिशप हेबर त्रिचनापल्लीस दिवसभराच्या धर्मकृत्यांनंतर स्नानाच्या कुंडात गतप्राण झाले. असे एकामागून एक बळी गेल्यावर मिशनऱ्यांना शहाणपण आले. महाबळेश्वरला हवापालटासाठी बंगले झाले, काही वर्षांच्या सेवेनंतर मायदेशी दीर्घ रजा देण्याची पद्धत पडली. आरामाचा हा हिशेब कोणी चैनीत काढील, मी काढणार नाही. मेलेल्या उपदेशकापेक्षा विसावलेला उपदेशक मंडळीच्या अधिक कामाचा, हे त्यांना थडग्यांनी शिकविले होते. मात्र देशी पाळकाला ती लांब रजा नव्हती. त्याचा मायदेश हाच. रजेवर त्याने जावे कोठे? आणि टिळकांसारख्या धर्मांतरिताला तर जुने घरही परके झालेले.

शिवाय टिळकांचा पिंडच निराळा. नगरचे त्यांचे घर हे घर नव्हतेच, धर्मशाळा होती. अनाथ मुले, निराधार बाया, वाट चुकलेले तरुण, कवी, विद्यार्थी, सर्वांना दार उघडे. बालकवी ठोमरे याच घरात काही काळ राहिले. हाती आलेला पैसा सायंकाळपर्यंत टिकेल तर शपथ. प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून पळत, तेव्हा हे घर आजाऱ्यांच्या सेवेत गुंतलेले. टिळक तापट होते, लहरी होते. क्षणात रागावत, क्षणात विरघळत. भक्तांना हे लिहिलेले रुचणार नाही. पण अष्टौप्रहर दुसऱ्यांच्या दुःखात बुडालेल्या माणसाचा तोल असा ढळतो, आणि तो सावरण्याचे काम घरच्या माणसाला करावे लागते. लक्ष्मीबाईंनी ते आयुष्यभर केले. पाळकाच्या थकव्याचा पहिला वाटेकरी त्याची पत्नी असते, ही गोष्ट मंडळ्यांच्या ध्यानात फार उशिरा येते.

मग टिळक जगले कशाच्या बळावर? एक बळ फुलांचे आणि मुलांचे. फुलामुलांचा कवी हे त्यांचे बिरुद लाडाने पडले असले तरी त्यात तथ्य आहे. प्रवचनाने शिणलेला हा माणूस एखाद्या रानफुलापाशी किंवा तान्ह्या मुलापाशी ताजा होऊन उठे. दुसरे बळ संतांचे. ज्ञानेश्वर-तुकोबांना त्यांनी धर्मांतरानंतर टाकून दिले नाही. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. परकी चाल आणि परके शब्द यांनी मराठी ख्रिस्ती माणूस उपासनेत दमतो, त्याला स्वतःच्या अभंगात आणि ओवीत श्वास घेता आला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. आज मराठी मंडळ्यांतून जी पदे टाळ-मृदंगावर गाइली जातात, त्यांपैकी कितीतरी टिळकांची. ख्रिस्ती कीर्तनाचा पाया त्यांच्या आधी नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी घातला होता. टिळकांनी त्यात रस ओतला. पाळकाला शिणविणारे पुष्कळसे ओझे हे उसन्या भाषेचे असते, हे माझे मत कोणास पटो वा न पटो.

1917 साली, वयाच्या पंचावन्न-छपन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली. मनाने संन्यास घेतला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात एकत्र यावेत, हा हेतू. याला विसावा म्हणावे काय? पगार, अहवाल, समित्या यांतून सुटका झाली खरी. ज्या आश्रमधर्मात ते वाढले त्याची नवी पालवी त्यांच्या ख्रिस्तभक्तीला फुटली, हेही खरे. अंतरीचा उत्साह तरुणाला लाजवील असा होता. परंतु देहाला मात्र दरबाराने आराम दिला नाही. उलट लेखन, भ्रमण, भेटीगाठी वाढल्या आणि प्रकृती खालावत गेली. मनाचे नूतनीकरण आणि शरीराची विश्रांती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एलीयाला देवदूताने आधी भाकर दिली होती, हे त्या धामधुमीत राहून गेले.

उपचारासाठी त्यांना मुंबईस आणले. जे. जे. रुग्णालयात 9 मे 1919 रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे महाकाव्य थोड्याच अध्यायांवर थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांनी डोळे मिटले, आणि 1938 साली तो ग्रंथ छापून निघाला.