बहिऱ्या मास्तरांचं रॉकेट

इस्रोच्या बातम्यांत ‘क्रायोजेनिक इंजिन’ हा शब्द तुम्ही कितीदा तरी ऐकला असेल. द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळून रॉकेट अवकाशात पाठवायचं, ही कल्पना १९०३ साली गणितासकट छापून आणली ती रशियातल्या कालुगा गावच्या एका शाळामास्तरानं. त्या मे महिन्यात राइट बंधूंचं विमानसुद्धा अजून उडालं नव्हतं!

कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्हस्की हे त्यांचं नाव. जन्म १८५७चा. दहाव्या वर्षाच्या सुमारास तापानं ऐकू येणं जवळपास गेलं, शाळा सुटली, तेराव्या वर्षी आईही गेली. सोळाव्या वर्षी मॉस्कोला आले ते कॉलेजात नव्हे, थेट वाचनालयात. घरून येणारे थोडके पैसे पुस्तकं आणि रसायनांवर उडायचे, पोटात जायचा नुसता काळा पाव. पुढे परीक्षा देऊन मास्तर झाले आणि आयुष्यभर गणित शिकवत राहिले.

डोक्यात अवकाश भरवलं ते ज्यूल व्हर्ननं. व्हर्नच्या कादंबरीत माणसं तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे जातात. आपण वाचतो, मजा येते, पुस्तक मिटतो. हे गृहस्थ हिशोब करत बसले. तोफेच्या धक्क्यानं आतल्या माणसांचा चेंदामेंदा होणार, मग वेग हळूहळू वाढवणारं काय आहे? उत्तर निघालं, रॉकेट. त्याचा वेग किती वाढेल हे दोनच गोष्टींवर ठरतं: वायू किती वेगानं मागे फेकला जातो, आणि भरलेलं रॉकेट रिकाम्याच्या किती पट जड आहे. हे समीकरण आजही त्यांच्याच नावानं शिकवतात.

तेव्हा मात्र फारशी कुणी दखल घेतली नाही. त्यात १९०२ मध्ये मुलानं आत्महत्या केली. १९०८ मध्ये ओका नदीचा पूर घरात शिरला आणि कागदपत्रं भिजून गेली. तरी लिहिणं चालूच.

आणि लिहायचे काय? कथासुद्धा! ‘पृथ्वीबाहेर’ ही त्यांची कादंबरी १९२० मध्ये पुस्तकरूपात आली. तिच्यातले शास्त्रज्ञ राहतात कुठे, तर आपल्या हिमालयातल्या एका वाड्यात, साल २०१७. खरं सांगायचं तर कादंबरी म्हणून ती रटाळ आहे, पात्रं बोलतात कमी आणि लेक्चरं देतात जास्त. पण अंतराळपोशाख, वजनरहित अवस्थेतली धडपड, यानातली भाजीची बाग, सगळं तिच्यात आहे. समीकरण चारचौघांच्या गळी उतरत नाही, गोष्ट उतरते, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच सत्तरी उलटल्यावरही ते ‘कॉस्मिक व्हॉयेज’ या सिनेमाचे सल्लागार झाले, यानाची चित्रं काढून दिली. सिनेमा झळकला १९३६ मध्ये. मास्तर सप्टेंबर १९३५ मध्येच गेले होते.

त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५७ मध्ये, स्पुटनिक उडालं. दोन वर्षांनी ल्युना-३ यानानं चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे पहिले फोटो पाठवले. त्यातल्या एका मोठ्या, काळ्याशार विवराला मास्तरांचं नाव दिलं गेलं.