शिक्षणाच्या मसलतीत कोणाचा शब्द?

शैक्षणिक धोरण जाहीर झाले की त्यातील तरतुदींची चर्चा होते. ते ठरविताना मसलतीला कोण बसले होते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षणविषयक कार्य म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाशी केलेला जवळजवळ तीस वर्षांचा झगडा होय.

१९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. एका उदार राजामुळे एका विद्यार्थ्याचे भाग्य उजळते. परंतु औदार्य म्हणजे धोरण नव्हे, हे त्यांनी पुरते ओळखले होते. १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून येताच त्यांनी अंदाजपत्रकालाच हात घातला. सरकार जनतेकडून दारूवरील कराच्या रूपाने जेवढे घेते, तेवढेही शिक्षणावर खर्च करीत नाही, आणि प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कायद्यावरील चर्चेत, सिनेटमध्ये मागासलेल्या वर्गांना प्रतिनिधित्व असावे, असा आग्रह त्यांनी धरला. वस्तुतः त्यांची ही मागणी सवलतीची नव्हती, निर्णयातील वाट्याची होती.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी सरकारला सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी अर्थसाहाय्य मागितले आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. बाहेरून वर्षानुवर्षे केलेल्या अर्जांना जे साधत नव्हते, ते आतल्या एका आसनाने साधले.

तथापि त्या आसनालाही मर्यादा होत्या. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मोफत शिक्षणाचे कलम चर्चेला आले, तेव्हा मसुद्यातील हक्कवाचक शब्द गाळण्याची दुरुस्ती मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी स्वीकारली. शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. मात्र ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरती आखडण्याची सूचना त्यांनी फेटाळली. चौदा वर्षांखालील मूल कारखान्यात जायचे नसेल तर ते शाळेतच असले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. वयाची ती अट टिकली. हक्क घटनेत यावयास २००२ साल उजाडावे लागले.

कदाचित म्हणूनच केवळ सरकारवर विसंबून न राहता त्यांनी स्वतःच्या संस्था उभारल्या. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. तेथे सकाळी वर्ग भरत, त्यामुळे नोकरी करणाऱ्या तरुणालाही पदवी घेता येई. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, निवड केली. निजामी राजवट संपून दोनच वर्षे झाली होती, आणि पदवीसाठी मराठवाड्यातील मुलाला बहुधा हैदराबाद गाठावे लागे. गरिबाच्या मुलाला ते कोठून परवडणार? १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसली. मराठवाड्याचे विद्यापीठ १९५८ मध्ये आले आणि त्याला बाबासाहेबांचे नाव मिळावयास १९९४ उजाडले.

महाविद्यालयाला त्यांनी नाव दिले मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. मिलिंदपञ्हातील नागसेन राजाशी वादाला बसण्यापूर्वी अट घालतो की, राजाने राजा म्हणून नव्हे, पंडित म्हणून वाद करावा. कारण पंडित प्रतिवादाने रागावत नाही, राजा मात्र शिक्षा करतो.

१९७६ मध्ये शिक्षण समवर्ती सूचीत गेले आणि केंद्राचा शब्द वजनदार झाला. १९६८, १९८६ आणि २०२० अशी तीन राष्ट्रीय धोरणे आली. प्रत्येक वेळी ती राबविण्याचा भार शिक्षकावर आणि ती सोसण्याचा भार विद्यार्थ्यावर पडला. त्यांचे म्हणणे ऐकताना सत्ता पंडिताच्या आसनावर बसते की राजाच्या, हाच खरा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी तो नावाच्या रूपाने या शहराच्या स्वाधीन केला आहे. त्याचे उत्तर मागत राहणे हे येथील शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे काम आहे.