नसरीनबाईंची रेषा

भिंतीवर चित्र टांगले की संग्रहालयाचे काम संपते, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मोठी कलासंग्रहालये मात्र आता प्रदर्शनाच्या जोडीला व्याख्याने, जाणकारांसमवेत दालनातील फेरी, मुलांसाठी कार्यशाळा असे लोकाभिमुख उपक्रम योजू लागली आहेत. अमूर्त कलेच्या बाबतीत तर त्यांची विशेष निकड असते. कारण ज्या चित्रात झाड नाही, माणूस नाही, देवही नाही, त्याच्यापुढे उभा राहिलेला सामान्य प्रेक्षक आधी बावरतो आणि मग रागावतो. भारतात अमूर्त रेखाटनाची वाट ज्यांनी जवळजवळ एकट्याने चालून दाखविली त्या नसरीन मोहमदी यांच्याविषयी असा उपक्रम होतो तेव्हा त्याला आणखी एक औचित्य असते. नसरीनबाई अनेक वर्षे शिक्षिका होत्या. बघावयास शिकविणे हेच त्यांचे काम होते.

त्यांचा जन्म 1937 साली कराचीचा. आई लहानपणीच गेली. 1944 मध्ये कुटुंब मुंबईस आले, आणि फाळणीच्या तीन वर्षे आधी घडलेल्या या स्थलांतराने त्या मुंबईच्या झाल्या. वडिलांचा व्यवसाय बहारीनमध्ये होता. तेथे त्यांचे छायाचित्रण साहित्याचे दुकान होते. या दोन गोष्टींचे, म्हणजे वाळवंटाचे आणि कॅमेऱ्याचे, ऋण नसरीनबाईंच्या चित्रांवर अखेरपर्यंत राहिले. क्षितिजाची एक आडवी रेघ आणि तिच्या वर-खाली केवळ प्रकाश, हे दृश्य ज्याने तरुणपणी पाहिले असेल त्याला चित्रात पुष्कळ सामान भरण्याची गरज वाटेनाशी होत असावी. 1954 ते 1957 या काळात त्यांनी लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले, आणि पुढे 1961 ते 1963 फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसमध्ये काढली. सुखवस्तू घर, परदेशी शिक्षण आणि इंग्रजी वातावरण, एवढ्या भांडवलावर त्या कोणतीही रुळलेली वाट धरू शकल्या असत्या. त्यांनी धरली ती सर्वांत कमी फायद्याची.

दरम्यानच्या काळात मुंबईत वॉर्डन रोडवरील भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा वावर होता. त्या वास्तूचा इतिहास मराठीत कोणीतरी सविस्तर लिहावयास हवा. एका छपराखाली रविशंकरांचे सतारीचे शिक्षण, अल्काझींच्या नाटकाच्या तालमी, हुसेन आणि वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रशाळा! भाडे नाममात्र, आणि एकाचे काम दुसऱ्याने येता-जाता पाहावे अशी मोकळीक. कलेला अनुदान द्यावे की नाही यावर आम्ही अर्थशास्त्राची मंडळी वाद घालीत असतो. पण स्वस्त जागा आणि चांगला शेजार यांनी जे साधते ते पुरस्कारांनी साधत नाही, हे त्या इमारतीने दाखवून दिले. नागपुरात जन्मलेले, मूळचे गोव्याकडील गायतोंडे हे नसरीनबाईंचे ज्येष्ठ स्नेही झाले. बाळ छाबडा यांच्या गॅलरी 59 मध्ये 1961 साली त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्या काळातील त्यांच्या कामात अजून निसर्गाच्या खुणा होत्या. शाईचे ओघळ, फांद्यांचे भास, धुक्यात विरणारे डाग असे ते काम सुंदर होते, पण ते इतरही कोणी केले असते.

खरी नसरीन मोहमदी पुढे दिसते. 1970 मध्ये त्या दिल्लीस गेल्या आणि 1972 मध्ये बडोद्यास, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात अध्यापनासाठी. बेंद्रे मास्तरांनी ज्या संस्थेत एक पिढी घडविली तीच ही संस्था. येथे त्यांनी रंग सोडला. कुंचलाही जवळजवळ सोडला. राहिले ते कागद, पेन्सिल, शाई आणि स्थापत्यविशारद वापरतात तसली आखणीची उपकरणे. आधी चौकटींची जाळी आली, मग तिरप्या रेषा, आणि शेवटी कागदाच्या पांढऱ्या विस्तारात अधांतरी तरंगणारे कोन आणि कमानी. चित्रांना नावे नाहीत, बहुतेकांवर तारीखही नाही. बाजाराच्या दृष्टीने पाहिले तर विक्रेत्याला सांगण्याजोगे काहीच त्यांनी शिल्लक ठेवले नाही.

आणि हे त्यांनी कोठे केले? बडोद्यात त्या वेळी गोष्ट सांगणाऱ्या चित्रांचा जोर होता. गुलाममोहम्मद शेख, भूपेन खख्खर ही मंडळी माणसाला, बाजारपेठेला, घरगल्लीला चित्रात परत आणीत होती. 1981 मध्ये त्यांनी सुधीर पटवर्धन आदींसह मुंबई आणि दिल्लीत जे प्रदर्शन केले त्यातून या प्रवाहाला नावच मिळाले. नसरीनबाईंचे सख्खे बंधू अल्ताफ हेही चित्रकार, आणि ते डाव्या चळवळीतले. म्हणजे विद्यापीठात आणि घरात, दोन्हीकडे, चित्राने समाजाविषयी काही बोलावे असा आग्रह चालू असताना ही बाई मान खाली घालून रेघा आखीत होती. तिने कोणाशी जाहीर वाद घातला नाही, जाहीरनामा काढला नाही. अमूर्ताची बाजू तिने मांडली ती काम करून आणि शिकवून.

मला स्वतःला ही चित्रे कळावयास वेळ लागला, हे कबूल केले पाहिजे. मी रोज फळ्यावर रेषा काढतो. पण माझी एक रेषा मागणीची असते, दुसरी पुरवठ्याची. त्या जेथे छेदतात त्या बिंदूला अर्थ असतो, रेषेला स्वतःचा असा काही नसतो. नसरीनबाईंची रेषा कशाचीही नसते. ती जवळच्या रेषेपासून किती अंतरावर आहे, कोठे दाट होते, कोठे पुसट होत थांबते, एवढाच तिचा मजकूर. क्ले, कँडिन्स्की, मालेविच यांचा अभ्यास त्यामागे होता, जपानी सौंदर्यदृष्टी होती, इस्लामी वास्तुकलेतील भूमितीही होती. परंतु या सर्वांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा रस्त्यावरचा नजरबाजपणा. त्या सतत छायाचित्रे काढीत. फतेहपूर सिक्रीचे दगडी चौक, चंडीगडच्या इमारती, रस्त्यावरील पट्टे, ओहोटीनंतर वाळूवर उमटलेल्या वळ्या, मागावर ताणलेले उभे धागे! ही छायाचित्रे त्यांनी हयातीत कधी प्रदर्शित केली नाहीत. त्यांना ती कदाचित शिलकीच्या वहीसारखी वाटत असावीत. पण ती पाहिली म्हणजे ध्यानात येते की त्यांची अमूर्तता आकाशातून पडलेली नाही; जगातूनच ती एक एक वस्तू वजा करीत काढलेली आहे.

अखेरच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या एका असाध्य विकाराने त्यांचे शरीर त्यांचे ऐकेनासे झाले. हालचालींवरचा ताबा सुटत चालला, आणि त्याच काळातील कागदांवरील रेषा मात्र केसाएवढ्या बारीक आणि अचूक आहेत. यावरून त्यांच्या समग्र कलेचा उलगडा आजारातून करण्याचा मोह टीकाकारांना होतो. मला तो अन्यायाचा वाटतो. शिस्त आधी आली, आजार नंतर बळावला. शिस्तीने आजाराशी झुंज दिली एवढेच फार तर म्हणता येईल. मे 1990 मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे, समुद्रकाठी, त्यांचे निधन झाले. सलीम अलींनी बेकारीच्या दिवसांत सुगरण पक्ष्यांची घरटी न्याहाळून आपले प्रसिद्ध निरीक्षण केले ते हेच किहीम. चिकाटीने बघत राहणाऱ्या दोन माणसांचा संबंध रायगड जिल्ह्यातील एका लहानशा गावाशी यावा, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

हयातीत त्यांची कीर्ती कलावंतांच्या वर्तुळापुरती होती. जगाचे लक्ष गेले ते नंतर. 2007 मध्ये जर्मनीतील कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात, 2013 मध्ये दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयात, 2015 मध्ये माद्रिदला त्यांची चित्रे मांडली गेली. मार्च 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली, तेव्हा उद्घाटनाच्या प्रदर्शनांपैकी एक नसरीनबाईंचे होते. ती शाखा 2020 मध्ये बंदही झाली. दिल्लीचे प्रदर्शन रचणाऱ्या रुबिना करोडे या बडोद्यात नसरीनबाईंच्याच विद्यार्थिनी होत्या. शिक्षिकेचे काम विद्यार्थिनीने लोकांपुढे न्यावे, यासारखी दुसरी गुरुदक्षिणा कोणती?

आता आमच्या परभणीचा प्रश्न. चित्र ही अर्थशास्त्रीय परिभाषेत मोठी उदार वस्तू आहे. दहा जणांनी पाहिल्याने ते अकराव्यासाठी कमी होत नाही. तथापि संग्रहालय ज्या गावी असते त्या गावाबाहेरील माणसाला ते फुकट नसते. जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या मुलाला मुंबईचे दालन पाहावयाचे तर देवगिरी एक्स्प्रेसची रात्र, परतीची रात्र आणि सोबत येणाऱ्या वडिलांची बुडालेली मजुरी एवढे मोजावे लागते. प्रवेश विनामूल्य ठेवल्याचे समाधान संग्रहालयाने जरूर मानावे, परंतु खरे तिकीट रेल्वेच्या खिडकीवर फाडले जाते.

आणि हा मुलगा चित्रकलेला अगदीच पारखा आहे असेही नाही. दरवर्षी राज्यभर हजारो मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना बसतात. या परीक्षांचे सरकारी नाव शासकीय रेखाकला परीक्षा असे आहे. रेखाकला! त्यात भूमितीची आखणी असते, अक्षरलेखन असते, संकल्पचित्र असते. आमच्या जिल्ह्यातही मुले पट्टी आणि कंपास घेऊन तासन्‌तास बसतात, पेन्सिलीला टोक काढून काढून समांतर रेषा ओढतात. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, आणि गुण मिळाले की पट्टी कायमची दप्तरातून जाते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या गोष्टीचा मोबदला केवळ गुणांत मिळतो ती गुण मिळताच थांबणार. हीच पट्टी, हीच पेन्सिल हाती घेऊन एका स्त्रीने आयुष्य काढले आणि त्या रेघा पाहावयास न्यूयॉर्कचे लोक आले, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. काळ्या रानात तिफणीने ओढलेली तासे रोज पाहणाऱ्या मुलाला ती चित्रे परकी वाटतील असे मला तरी वाटत नाही. बावरण्याचा धोका शिकल्यासवरलेल्या आम्हां प्राध्यापकांनाच अधिक.

म्हणून ज्या संग्रहालयांकडे हे धन आहे त्यांनी मूळ चित्रे पाठवू नयेत. ते नाजूक कागद आहेत, आमच्या उन्हाळ्यात टिकणार नाहीत. त्यांच्या उत्तम प्रतिकृती आणि त्या छायाचित्रांचे मोठे मुद्रित संच पाठवावेत, सोबत एक बोलणारा माणूस द्यावा, आणि रेखाकला परीक्षेच्या केंद्रांवर, परीक्षा आटोपल्यावर लगेच, आठवडाभर ते मांडावेत. मुले तेथे आलेलीच असतील. पट्टी अजून त्यांच्या हातात असेल.