नलिनी : अन्नपूर्णा तर्खड

वैनगंगेच्या परिसरातील मराठी वाचकांना रवींद्रनाथ ठाकूर परके नाहीत. परंतु त्यांच्या तारुण्याच्या उंबरठ्यावर एक मराठी कन्या उभी होती, हे अनेकांना ठाऊक नसते. तिचे नाव अन्नपूर्णा तर्खड. घरची मंडळी तिला आना म्हणत.

अन्नपूर्णा विद्येच्या घरात वाढली. वडील डॉ. आत्माराम पांडुरंग हे 1867 साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक संस्थापक, तर चुलते दादोबा पांडुरंग हे मराठीचे विख्यात व्याकरणकार. मुलींना लिहावाचावयास शिकविणे हेही धाडस गणले जाई, त्या काळात अन्नपूर्णा इंग्लंडला जाऊन शिकून आली.

1878 च्या उन्हाळ्यात सतरा वर्षांचे रवींद्रनाथ अहमदाबादेस थोरले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहिले होते. विलायतेस जाण्यापूर्वी धाकट्या भावाने इंग्रजी बोलणे व तेथील रीतिरिवाज शिकावेत, म्हणून सत्येंद्रनाथांनी त्यांना मुंबईस आपले स्नेही आत्माराम पांडुरंग यांच्या घरी ठेवले. शिकविण्याचे काम अन्नपूर्णेकडे आले. ती वयाने थोडी मोठी, हजरजबाबी आणि मोकळ्या स्वभावाची होती. शिष्य मात्र कमालीचा लाजाळू. विद्येच्या बाबतीत तिच्यापुढे मिरवावे असे आपणापाशी काही नाही, हे जाणून त्याने आपले कवित्व पुढे केले. तिने त्याच्याकडे एक नाव मागितले. त्याने तिला 'नलिनी' म्हटले, ते नाव काव्यात गुंफले आणि भैरवीच्या सुरांत तिला ऐकविले. मुखाची रेषा झाकली जाऊ नये म्हणून दाढी कधी राखू नये, अशी तिने त्याला गळ घातली होती.

सप्टेंबर 1878 मध्ये रवींद्रनाथ इंग्लंडला निघाले आणि काही आठवड्यांचा हा सहवास संपला. पुढे अन्नपूर्णेचा विवाह बडोद्याच्या कॉलेजातील प्राध्यापक हॅरोल्ड लिटलडेल यांच्याशी झाला. 1891 साली एडिंबरो येथे, ऐन तारुण्यात, तिचे निधन झाले.

कवीने दिलेले नाव तिने मात्र टाकले नाही. लेखनासाठी ती 'नलिनी' हेच नाव वापरी. तिच्या एका भाच्याचे नाव रवींद्रनाथ ठेवले गेले, असेही चरित्रकार नमूद करतात. इकडे 1884 साली रवींद्रनाथांनी लिहिलेल्या एका नाटकाचे नावही 'नलिनी' हेच होते.

1940 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'छेलेबेला' या बालपणीच्या आठवणींत वृद्ध कवीने तिचे स्मरण केले. दाढीविषयीची तिची विनंती आपल्याकडून पाळली गेली नाही. मात्र तो आज्ञाभंग चेहऱ्यावर दिसण्यापूर्वीच ती निघून गेली होती, हे त्यांनी हळव्या विनोदाने नोंदविले. त्या ओढीकडे त्यांनी कधी हलकेपणाने पाहिले नाही.

आठवण लिहून ठेवण्यास कवीला साठांहून अधिक वर्षे लाभली. अन्नपूर्णेला उणीपुरी तेरा. म्हणून या स्नेहाची हकीकत आज आपणास प्रामुख्याने त्याच्याच शब्दांतून कळते. तिच्या बाजूचे जे उरले, ते एका नावात सामावले आहे. मराठी वाचकाने ते नाव तिच्या स्वतःच्या नावाबरोबर स्मरावे, हेच उचित होय.